नोंदणीतले नाव

आमच्या कन्येचा ठरलेला विवाह मोडला, तेव्हा अंगठ्या दोनच दिवसांत परत झाल्या. स्कूटर मात्र त्या मुलाच्या अंगणातच उभी राहिली. कन्येने स्वतःच्या पगारातून घेतलेली, तिच्याच नावावर नोंदलेली. निरोप पाठवावा, तर उत्तर एवढेच, "पाहू."

"एका जुन्या वाहनासाठी त्या दारी कशाला जाता?" असे नातलग म्हणत. आम्हां उभयतांना चिंता किमतीची नव्हतीच. विम्याची मुदत संपत आली होती आणि स्कूटर रोज रस्त्यावर धावत होती. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक अपघाताचा खटला आला होता. मोटार विकली जाऊन तीन-चार हातांतून गेलेली, विमा नाही. तरीही भरपाईचा भार आला तो नोंदणीत ज्याचे नाव उरले त्याच्यावरच. इथे तर विक्रीही झाली नव्हती!

मेहुण्यांनी सुचविले, दुसरी किल्ली आहेच, रात्री जाऊन घेऊन येऊ. वस्तू आपली खरी, पण परक्या कुंपणात शिरल्यावर तक्रार आपल्यावरच यायची. शिवाय दोन्ही घरे एकाच धर्मग्रामातली. रविवारी तोंडे कुठे लपवायची?

आम्ही रजिस्टर टपालाने पत्र धाडले, दिवस व वेळ कळविली आणि भर दुपारी गेलो. कन्या आली नाही; आम्हीही आग्रह धरला नाही. मुलगा बाहेर आलाच नाही. त्याच्या आईने किल्ली दिली, पदराने सीट पुसली आणि हलकेच विचारले, "पोर जेवते ना नीट?"

टाकी कोरडी होती. पंपापर्यंत आम्ही दोघांनी ती ढकलत नेली.