एक गोटी अमानत

आमच्या घरी पाहुणे आले की मुले कपाटातून एक लाकडी पेटी काढून आणतात. पेटीत लहान लहान खण आहेत आणि प्रत्येक खणात एकेक गोटी. आम्ही दोघे भाऊ लहानपणापासून गोट्या जमवतो. "निकाह झाले, पोरं झाली, पण यांच्या गोट्या काही सुटल्या नाहीत," असे अम्मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगतात.

पेटीत एकूण ३१२ गोट्या आहेत. त्यांतल्या ३११ आमच्या.

मिरजेत आमच्या मोहल्ल्यात सुट्टी लागली की गोट्यांचे दिवस सुरू होत. मातीत टाच फिरवून गल करायची आणि अस्रपासून मगरिबच्या अजानपर्यंत खेळायचे. हरणाऱ्याची गोटी जिंकणाऱ्याची, हा कायदा. आमच्या एका दोस्ताच्या वडिलांची गोळी सोड्याची गाडी होती. ती बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची. तिचे पेटंट १८७२ चे. बाटली उलटी धरून भरायची. गोटी गळ्याशी येते आणि आतल्या वायूच्या दाबाने रबराच्या कड्याला घट्ट बसते. बाटली फुटल्याशिवाय ती गोटी बाहेर निघत नाही. म्हणून दुकानात न मिळणाऱ्या त्या हिरवट गोट्या फक्त त्याच्याकडे असत. एका सुट्टीत आम्ही त्या सगळ्या जिंकल्या.

रात्री अब्बांना आमचे फुगलेले खिसे दिसले. "खरीदे या जीते?" त्यांनी विचारले. आम्ही ऐटीत म्हणालो, "जीते!" अब्बा रागावले नाहीत. "बाजी लावून घेतलेली चीज आपली होत नाही. खेळा, पण खेळ संपला की ज्याची त्याला द्या," एवढेच म्हणाले, आणि इशाच्या नमाजनंतर आम्हाला घेऊन दोस्ताच्या घरी गेले. त्याच्या अम्मीने परात पुढे केली. आम्ही गोट्या मोजून टाकल्या.

एक सोडून. तिच्या आत दोन बुडबुडे होते, उजेडात धरली की पाण्यासारखे हलल्याचा भास होई. ती आम्ही शाळेच्या बुटात लपवली होती. दोघांनी मिळून. काही महिन्यांनी ते कुटुंब इचलकरंजीला निघून गेले. अब्बांना आम्ही कधी सांगितले नाही आणि आता सांगता येणार नाही.

पुढे शौक वाढला, पण विकत घेऊन किंवा कोणी भेट दिली तरच. आज पेटीत कुंभाराकडची मातीची गोटी आहे, खंबायतच्या अकीकची आहे, आत रंगीत पाकळ्या असलेल्या काचेच्या तर कितीतरी. हाताने बनवलेल्या काचेच्या गोटीवर कापल्याची खरबरीत खूण राहते, यंत्राच्या गोटीवर ती नसते. अशी खूण असलेली आमच्याकडे एकच आहे. आधी सगळ्या पत्र्याच्या डब्यात होत्या. एकमेकींवर आपटून त्यांना चंद्रकोरीसारखे टवके पडू लागले, तेव्हा पेटी करून घेतली आणि आत अम्मींच्या जुन्या ओढणीचे अस्तर लावले. काचेच्या गोट्या कोमट पाण्यात, थोड्या साबणाने धुवाव्यात. कढत पाण्याने काच तडकू शकते. मातीची गोटी भिजवू नये, मऊ ब्रशने झटकावी. आणि घरात रांगते मूल असेल तर पेटी वरच्या फळीवरच हवी. गोटी घशात अडकली तर जिवावर बेतते.

गेल्या महिन्यात आमचा अकरा वर्षांचा मुलगा फुगलेल्या खिशांनी घरी आला. आमच्या तोंडून आपोआप निघाले, "खरीदे या जीते?" तो ऐटीत म्हणाला, "जीते!"

सूरह अल्-माइदामध्ये शराबेबरोबर जुगाराचीही मनाई आली आहे, हे त्याला सांगणे सोपे होते. पण कोणत्या तोंडाने सांगायचे? शेवटी आम्ही पेटी उघडली आणि दोन बुडबुड्यांच्या गोटीची सगळी हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग तुम्ही अजून परत का नाही केली?"

आमच्याकडे जवाब नव्हता. दुसऱ्या दिवशी अस्रच्या आत त्याने आपल्या गोट्या परत केल्या. आम्ही पस्तीस वर्षे लावली.

मोहल्ल्यातल्या बुजुर्गांकडे चौकशी करून दोस्ताचा पत्ता मिळवला आहे. येत्या रविवारी इचलकरंजीला जाणार आहोत. गोटीची किंमत तेव्हाही काही नव्हती. तो विसरलाही असेल, कदाचित हसेल. पण हा हक्कुल इबादचा मामला आहे. माणसाचा हक्क बुडवला तर आधी त्या माणसाकडेच माफी मागावी लागते.

अम्मींनी हकीकत ऐकली, काही बोलल्या नाहीत. गोटी स्वच्छ धुतली, पुसली आणि रुमालात बांधून आमच्या हाती दिली. पेटीतला तो खण आता रिकामाच राहील.