वावर

जपानी शिकायला लागले तेव्हा पहिल्या काही चित्राक्षरांतच एक चौकोन भेटला. पोटात एक उभी आणि एक आडवी रेघ. उच्चार ‘ता’, अर्थ शेत. जपानमध्ये पहिलीच्या मुलांना जी 80 अक्षरं शिकवतात, त्यांतलं हे एक.

मंगरूळपीर तालुक्यातलं आमचं वावर असंच, चारी बाजूंनी धुरे. माझ्या लहानपणी बाबा कपाशी चौफुलीवर लावायचे. उभ्या-आडव्या ओळी जिथे एकमेकींना छेदतील तिथेच सरकी टोबायची, म्हणजे डवरा दोन्हीकडून चालतो. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गात मी पाच रेघांचा क्रम गिरवत होते: डावीकडची उभी, वरून वळून उजवी बाजू, पोटातली उभी, मग आडवी, शेवटी तळाची. आधी उभी, मग आडवी. बाबांची डवरणीच ती.

पुढे कळलं, ‘ता’ म्हणजे पाणी भरलेलं भाताचं खाचर. कोरडवाहू शेताला जपान्यांनी वेगळं अक्षर घडवलं, ‘हाताके’. त्यात चौकोनाच्या डावीकडे विस्तव असतो. मृगाची वाट बघत तापणारी आमची काळी जमीन मला तिथे सापडली. आता त्या जमिनीत सोयाबीन आणि तूर असते; आभाळाकडे बघणं मात्र तेच.

त्याच चौकोनाखाली ‘बळ’ लिहिलं की ‘पुरुष’ होतो. हे अक्षर गिरवताना हात जड झाला. दिवसभर निंदणाला वाकलेली आई डोळ्यांसमोरून हलेना.

दिवाळीला घरी गेले तेव्हा अंगणातल्या मातीत काडीने ‘ता’ काढून आईला दाखवलं. आई फक्त सहीपुरती लिहायला शिकलेली. तिने बराच वेळ निरखून पाहिलं.

“वावर त बरोबर काढलं तू, पण आत जाची वाट कुठी हाय?”

पांदण नसलेल्या वावरातून डोक्यावर गाठोडी वाहिलेल्या बाईचाच तो प्रश्न. माझ्या हातातली काडी घेऊन तिने मधली उभी रेघ वरचा धुरा ओलांडून बाहेर नेली.

मी बघतच राहिले. ते अक्षरही जपानीत आहे. ज्यातून एखादी गोष्ट निघते, ते मूळ, असा त्याचा अर्थ. ‘कारण’ या जपानी शब्दात ते येतं आणि ‘स्वातंत्र्य’ या शब्दातही.

आईला मी तो अर्थ सांगितला. ती म्हणाली, “मंग, वाट त पाह्यजेच.”