बर्थ सर्टिफिकेट नसलेली होडी

"ब्रिटिशकालीन आहे, बघ!" मित्राने मोबाइलवरचा फोटो नाचवत सांगितलं. पुण्यात त्याचा नवा कॅफे येतोय आणि काउंटर म्हणून त्याला जुनी लाकडी होडी हवी होती. मिळाली कुठे? तर चक्क जालना जिल्ह्यात, कुंभार पिंपळगावजवळच्या एका आखाड्यावर. मराठवाड्यात होडी? म्हटलं, वीकएंडला जाऊनच बघू.

जालन्याहून अंबड, घनसावंगी करत पोचलो. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब समर्थ याच तालुक्यातलं. दक्षिणेला गोदावरी, पलीकडे बीड जिल्हा. आता जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळीला बंधारे झालेत. पूर्वी भर पावसाळ्यात पलीकडे जायचं तर होडीशिवाय पर्याय नव्हता. चला, एक कोडं सुटलं.

आखाड्यावर त्या होडीत कडबा भरलेला आणि दोन म्हशी मजेत खातायत! आंब्याच्या एकाच खोडातून कोरलेली होडी.

"बाबा, किती जुनी आहे?"
"लई जुनी."
"कुणी केली?"
"सुतारानं."
संपला इंटरव्ह्यू!

मला वाटायचं, लॅबमध्ये तुकडा दिला की झालं. तसं नसतं. सागाच्या खोडात वर्षागणिक वलयं पडतात. पुण्याच्या आयआयटीएममध्ये त्यावरून जुन्या पावसाळ्यांचाही अभ्यास झालाय. आंब्याची वलयं मात्र नीट दिसत नाहीत. मग कार्बन डेटिंग? केरळात पट्टणमला २००७ साली सापडलेल्या सहा मीटरच्या होडीला ते ठीक, ती दोनेक हजार वर्षांपूर्वीची. गेल्या तीनशे वर्षांतल्या लाकडाचं नेमकं साल त्यातून निघत नाही. शिवाय कळतं ते लाकडाचं वय. होडी कधी कोरली, ते नाही.

मग म्हशी हलवल्या आणि होडीच निरखायला घेतली. टोकाच्या लोखंडी पट्टीला हाताने घडवलेले चौकोनी खिळे. तळाच्या पत्र्याच्या ठिगळाला मात्र कारखान्यातले गोल खिळे. म्हणजे काम दोन वेळा झालेलं. ठिगळावर गंजाखाली काय दिसलं असेल? डालडाचं ताडाचं झाड! डालडा भारतात आला १९३७ साली. म्हणजे ठिगळ त्यानंतरचं, होडी त्याच्या आधीचीही असू शकते.

आतून हात फिरवला, तर वाकसाचे घाव सगळे एकाच बाजूला तिरके. मी हे बोलले मात्र, घरातून आजींचा आवाज आला, "डावऱ्या हाताचा व्हता की त्यो सुतार! सासरे सांगायचे."

मग बाबांचीही कळी खुलली. "रझाकाराच्या टायमाला आईनं मला ह्याच होडीतून नदीपार नेलं, ताई. चार-पाच वर्साचा असंन. तवाबी ही जुनीच व्हती."

म्हणजे होडी नक्की १९४८ च्या आधीची. आणि तेव्हा इथे राज्य होतं निजामाचं, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. 'ब्रिटिशकालीन' कटाप!

मित्राचा चेहरा उतरला. कारण त्याचा कारागीर होडी तासून, ठिगळ उपटून, चकाचक पॉलिश मारणार होता. म्हणजे खिळे, घाव, डालडा, सगळा पुरावा भुशात. आणि ऐंशी पार केलेल्या बाबांच्या आठवणी? त्या तर कुठेच लिहिलेल्या नाहीत. दुसरीकडे मुलाला होडी विकायचीच होती, लेकीच्या कॉलेजची फी भरायची होती.

शेवटी सौदा झाला. ठरलेली किंमत एक रुपयाही कमी न करता, आणि पॉलिश न मारण्याच्या अटीवर. बाबा-आजींचं बोलणं मी फोनवर रेकॉर्ड केलं. कॅफेत पाटी लागणार आहे: 'आंब्याचं एकच खोड. १९४८ च्या आधीची. कारागीर: गोदाकाठचा एक डावखुरा सुतार.'

निघताना बाबांनी एकच विचारलं, "अन् आता म्हशींनी कशात खायचं?"

सिमेंटच्या नव्या गव्हाणीचं बिल मित्राने भरलं.

जुनं लाकूड घेताय? पॉलिशवाल्याला फोन करण्याआधी खिळे बघा, घाव बघा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ तासभर बसा.