सेकंदकाटा

अण्णांचं एचएमटीचं घड्याळ चावीचं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या तोंडी एचएत, ते कामाला होते. 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला हा कारखाना. तिथे पेनिसिलिन तयार व्हायचं आणि अण्णांना त्याचा फार अभिमान. दहावी झाली, लग्न झालं, मी चऱ्होलीला आले. निघताना त्यांनी ते घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं.

चाकणला वायरिंग हार्नेसच्या लाइनवर लागले, तिथे घड्याळ लॉकरमध्ये ठेवावं लागे. एकेका जोडणीला सेकंद ठरलेले. काही महिन्यांत ते बोटांनाच कळू लागले.

घड्याळाचं खरं काम निघालं ते सासूबाईंचा दमा वाढला तेव्हा. डॉक्टरांनी श्वास मोजायला सांगितलं. आपले श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवायचं आणि नजर ठेवायची पोटावरच्या पदराकडे. पदर वर उचलला, खाली बसला की एक. पूर्ण मिनिटभर. मोठ्या माणसाचे साधारण 12 ते 20 भरतात; सासूबाईंचे कधी तिशीपार जायचे. मग मी वाट बघत बसत नसे, रिक्षा बोलवायचे.

पुढे गल्लीतल्या आशा सेविका ताईंनी लहान मुलांचा हिशेब सांगितला. खोकला झालेल्या बाळाचे, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतलं असेल तर, मिनिटाला 50 किंवा जास्त श्वास भरले की न्यूमोनियाची शंका घ्यायची. एक ते पाच वर्षांच्या मुलाला 40. नुसत्या सेकंदकाट्यावर मूल वेळेत दवाखान्यात पोचू शकतं, हे ऐकून मला राहवेना. हे सगळं नीट शिकायचंच, असं घेतलं मनावर.

सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे बाहेरून परीक्षा देऊन, कला शाखेतून बारावी केली. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, कुठलीही शाखा चालते. इंग्रजी आणि 40 टक्के लागतात, वय पस्तिशीच्या आत. शरीरशास्त्राची भीती होती, म्हणून बालभारतीची जीवशास्त्राची पुस्तकं मोबाइलवर उतरवून घेतली आणि कंपनीच्या बसमध्ये वाचली. हृदयाचे कप्पे मला मोशी ते चाकणच्या वाहतूक कोंडीत पाठ झाले.

प्रवेशाच्या वेळी गॅप सर्टिफिकेट मागितलं. मधल्या वर्षांत कुठे प्रवेश घेतला नव्हता, असं प्रतिज्ञापत्र. लिहिलेलं खरंच होतं, तरी सही करताना वाईट वाटलं. लाइन, सासूबाईंचं अंथरूण, रात्रीची जागरणं यातलं काहीच त्या कागदावर नव्हतं, आणि माझी तयारी तर तिथेच झाली होती. अशा बायका माझ्या आधीही होत्या. रमाबाई रानड्यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन काढलं. तिथून ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला गेलेल्या विधवांची शाळा कधीची सुटलेली असणार. पण घरातली आजारपणं, बाळंतपणं काढलेले त्यांचे हात अडाणी नव्हते, असं मला अगदी मनापासून वाटतं.

कॉलेजच्या सामानाच्या यादीत सेकंदकाट्याचं घड्याळ होतं. ते मला घ्यावं लागलं नाही.

परवा लाइनवरची एक मैत्रीण घरी आली. तिची पस्तिशी जवळ आलीय, दहावीची मार्कशीट तिने पिशवीतून आणलेली. सतरा नंबरच्या अर्जाची मुदत कधी संपते ते बघून ठेव म्हटलं. आणि बारावीला इंग्रजी सोडायचं नाही, हे दोनदा बजावलं.