टॉवेलची गुंडाळी

१६ जून, सोमवार
डॉक्टरांनी एक्सरे उजेडावर धरून दाखवला. उजव्या गुडघ्यात गादी उरलेलीच नाही, हाडावर हाड. बदलायचा हे मनाशी ठरवूनच गेले होते, पण साखरेने अडवलं. तीन महिन्यांची सरासरी ८.६. "आठच्या खाली आणा, मग तारीख देतो. जखम भरून यायला हवी ना?" तोवर फिजिओथेरपी. दुखऱ्या पायाला व्यायाम कसला, असं विचारलं तर म्हणाले, "सांधा मी बदलीन, मांडीत जोर तुम्हीच आणायचा."

२ जुलै, बुधवार
व्यायाम शिकवणारी मुलगी कालची पोर, पण करडी. पाय लांब करून बसायचं, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घालायची आणि मांडी आवळून ती दाबायची. पाच मोजायचे, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. बघणाऱ्याला वाटेल बाई नुसती बसलीय. आठव्या खेपेला मांडी अशी थरथरली की साडीच्या निऱ्या हलायला लागल्या.
मग खुर्ची. हातांची घडी छातीशी, आणि तीस सेकंदांत किती वेळा उठून बसता येतं ते पाहायचं. चार! चौतीस वर्षं गणित शिकवलं. एवढे कमी गुण मी फारच थोड्यांना दिले असतील.

२८ जुलै, श्रावणी सोमवार
उपास सोडला. म्हणजे मोडलाच. साबुदाण्याने साखर चढते आणि स्नायूंना मिळत काही नाही, असं त्या मुलीने मागेच बजावलं होतं. मुगाचं धिरडं आणि दही खाल्लं. यांनी काही म्हटलं नाही, फक्त देव्हाऱ्याकडे एकदा पाहिलं.
दाताच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. किडलेली दाढ आधीच उरकायची. तिथले जंतू रक्तातून नव्या सांध्यात जाऊन बसू शकतात. दाढेचा गुडघ्याशी संबंध असतो हे सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

३१ ऑगस्ट, रविवार
गौरी आल्या. या वर्षी मी खुर्चीवरून हुकूम सोडले, सूनबाईने सगळं केलं. साखर ७.४. तारीख मिळाली, ११ सप्टेंबर. शेजारच्या वहिनी लगेच म्हणाल्या, "अहो, पितृपक्षात?" पितरांना गुडघे होतेच की, त्यांना कळेल.

८ सप्टेंबर, सोमवार
घराचीच शस्त्रक्रिया चालू आहे. पायपुसणी आणि सतरंज्या माळ्यावर गेल्या. संडासात भिंतीला दांडा बसवला, कमोडवर उंच बैठक आली. आमचा पलंग बुटका, त्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे. वॉकरची उंची मनगटाशी जुळवून घेतली.
जिन्याचा धडा आजचा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. दुसरा मजला, लिफ्ट नाही. तीनदा चुकले. वर्गात पोरं चुकली की मी किती चटकन चिडायचे, ते नेमकं चौथ्या पायरीवर आठवलं.
रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. यांनी तो कागद कॅलेंडरला टाचला.

१० सप्टेंबर, बुधवार
खुर्ची नऊ वेळा. मुलगी म्हणाली, "काकू, बघा, दुपटीच्या वर!" अजून कमीच आहेत, पण ती खूश होती म्हणून मीही झाले.
औषधी साबणाने आंघोळ झाली. पायावरचे केस घरी काढायचे नाहीत, बारीक कापलं तरी जंतूंना वाट मिळते. नखांचा रंग नातीने पुसला. तिनेच गणपतीत लावला होता. ऑपरेशननंतर उद्याच उभं करतील म्हणे, मांडीने साथ दिली तर.
पिशवीत मागून पट्टा असलेल्या चपला, फाईल, चष्मा आणि तो टॉवेल. पहाटे साडेपाचला निघायचंय.