कोल्हापूर एका ओळीत मावत नाही

‘कोल्हापूर’ किती अक्षरी? को-ल्हा-पू-र, चार. शाळेतलं पोरगंही सांगेल. कॉम्प्युटर मात्र काना, उकार, पायमोडका ‘ल’ सगळं सुटं मोजतो, म्हणून त्याच्या हिशेबानं नऊ. युटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे झाले २७. मेल जाताना ‘कोटेड प्रिंटेबल’ नावाची बांधणी वापरली, तर एकेका बाइटची ३ अक्षरं होतात : ८१. आणि त्या बांधणीत एका ओळीची मर्यादा ७६! आमचं गाव एका ओळीत मावतच नाही. नाद खुळा.

पण तक्रार त्याबद्दल नाही. तिथं ओळ मोडताना शेवटी ‘=’ अशी खूण टाकलेली असते, ती बघून पलीकडचं सॉफ्टवेअर ओळ परत सांधतं. वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

तक्रार आहे ती ‘पाठवा’ म्हटल्यावर साध्या मजकुरात आपल्या मनानं एंटर मारणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल. २००१ च्या आरएफसी २८२२ नं सांगितलं की ओळ ९९८ अक्षरांपुढं जाताच कामा नये, आणि शक्यतो ७८ च्या आत असावी. २००८ च्या आरएफसी ५३२२ मध्येही तेच आहे. मूळ कारण ८० रकान्यांचे पडदे, आणि त्याच्याही मागं आयबीएमचं १९२८ चं ८० रकान्यांचं पंचकार्ड. कार्डं गेली, ते पडदे गेले, आकडा राहिला.

गद्य परिच्छेद असला तर फार बिघडत नाही, वेडावाकडा दिसतो इतकंच. पण जिथं ओळ हाच अर्थ, तिथं? पत्ता, दरपत्रक, कविता. आणि लग्नपत्रिका!

आमच्या चुलतबहिणीच्या लग्नाचा मजकूर घरच्यांनी इथल्याच एका छापखान्याला मेल केला. मामांची ओळ लांबलचक : नाव, गाव, तालुका करवीर, शेवटी ‘निवृत्त मुख्याध्यापक’. प्रोग्रॅमनं ती नेमकी हुद्द्याच्या आधी मोडली. छापखान्यातल्या पोरानं युनिकोड मजकूर श्रीलिपीत बदलून घेतला आणि आला तसा ओळीला ओळ लावून मधोमध बसवला. त्यात त्याचं काय चुकलं? पत्रिकेत ‘निवृत्त मुख्याध्यापक’ खालच्या ओळीवर गेलं, आणि ती पदवी मिळाली शेजारच्या काकांना, ज्यांचं आयुष्य गुळाच्या अडतीत गेलं. घरातलं कॉम्प्युटरचं खातं माझ्याकडं, म्हणून मामांचा फोन मला. “अरे, तीस वर्षांची हेडमास्तरकी पाव्हण्यांना देऊन टाकलीस की रे!” हसत म्हणाले, पण लग्नात आहेराच्या वेळी जरा लांबच उभे होते.

असो. चीड येते ती यासाठी की यावर इलाज कधीच निघालेला आहे. ‘फॉरमॅट फ्लोड’ म्हणतात त्याला, १९९९ मध्ये आला, २००४ मध्ये आरएफसी ३६७६ म्हणून सुधारून आला. युक्ती अगदी बाळबोध : प्रोग्रॅमनं मोडलेल्या ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा सोडायची. जागा असली तर ओळ पुढं जोडायची, नसली तर तो माणसानं मारलेला एंटर. बस्स! पण ही खूण पाठवणाऱ्यानं टाकायला हवी आणि घेणाऱ्यानं ओळखायला हवी, आणि अशी जोडी जमणं पत्रिका जुळण्यापेक्षा अवघड. खूण नसेल तर कुठला एंटर माणसाचा आणि कुठला यंत्राचा, हे पलीकडं कुणालाच सांगता येत नाही.

छापखान्यातला पोरगा आता मेलमधला मजकूर घेतच नाही. “पीडीएफ जोडा साहेब, नाहीतर कागदावर लिहून फोटो टाका,” म्हणतो. फोटोवरून तो सगळा मजकूर पहिल्यापासून टाइप करतो, आणि त्याचे पैसे वेगळे लावतो.