आपोआप लागणारे घड्याळ

काळ आणि हवा ह्या दोन विषयांवर मत देण्यासाठी मनुष्यास कोणत्याही विद्यापीठाची पदवी लागत नाही. "काय हो उकडते आहे!" आणि "किती वाजले असतील?" एवढ्या भांडवलावर दोन अनोळखी माणसांनी पुणे-मुंबई प्रवास सुखाने पार पाडल्याचे आम्ही अनेकदा पाहिले आहे. ह्या दोन्ही बाबतींत आमचे घर आजवर स्वावलंबी होते. हवा पाहावयाची तर गॅलरीतून हात बाहेर काढावा. आणि वेळ पाहावयाची तर दिवाणखान्यातील आमच्या वडिलांच्या वेळच्या लंबकाच्या घड्याळाकडे पाहून मनातल्या मनात सात मिनिटे मिळवावीत. त्या सात मिनिटांविषयी घरात कोणाचीही तक्रार नव्हती.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत आमचे चिरंजीव आठ दिवसांसाठी घरी आले. ते फ्रांकफुर्टजवळ नोकरीस असतात. परत निघण्याच्या गडबडीत त्यांनी एक खोके टेबलावर ठेविले व म्हणाले, "बाबा, हे तुमच्यासाठी. हवा सांगते, वेळ सांगते. काही करावे लागत नाही. सेल घाला, की आपले आपणच सगळे लावून घेते." आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनात 'काही करावे लागत नाही' असे सांगून आमच्याकडे जी जी कामे सोपविण्यात आली, त्यांनीच आमच्या सुट्ट्या खाल्ल्या आहेत. पण मुलगा विमान गाठण्याच्या घाईत होता. आम्ही मान डोलावली.

खोक्यातून पाटीएवढे एक काळे यंत्र निघाले व साबणाच्या डबीएवढी एक पांढरी डबी निघाली. डबी बाहेर टांगावयाची. ती बाहेरचे उष्णतामान व आर्द्रता बिनतारी लहरींनी पाटीस कळविते. पाटीच्या पोटात वायुभारमापक असतो. त्यावरून ती सूर्य, ढग किंवा पाऊस यांचे चित्र काढून पुढच्या हवेचे भाकीत करते. सर्वांत वर मोठ्या आकड्यांत वेळ, आणि त्याच्या शेजारी एका मनोऱ्याचे इवलेसे चिन्ह. आम्ही सेल घातले. पाटीवर केव्हाच होऊन गेलेल्या एका वर्षाच्या १ जानेवारीची मध्यरात्र उमटली. बाहेरच्या उष्णतामानाच्या जागी दोन आडव्या रेघा आल्या. मनोरा थोडा वेळ लुकलुकला आणि नाहीसा झाला.

येथून आमच्या शास्त्रीय शिक्षणास प्रारंभ झाला. पहिला धडा त्या दोन रेघांचा. काटकसर म्हणून आम्ही पुन्हापुन्हा भरता येणारे सेल घातले होते. साधा सेल दीड व्होल्टचा, तर हे एक पूर्णांक दोन दशांश व्होल्टचे; तेवढ्याने डबीचा आवाज खोल जातो. शिवाय सेल घालण्याचाही एक विधी आहे. दोन्ही वस्तू शेजारी ठेवून आधी डबीत सेल घालावे, मग पाटीत. आणि त्यानंतर काही मिनिटे कोणत्याही कळीस बोट लावू नये, कारण पाटी आपल्या डबीस आरंभीच्या त्या अवधीतच ओळखून घेते. आम्ही अर्थातच त्याच अवधीत सर्व कळा दाबून पाहिल्या होत्या. विधी यथासांग झाल्यावरही डबी गॅलरीत नेताच रेघा परत आल्या. तेथे लोखंडी जाळी, मध्ये सळयांची भिंत, आणि भिंतीस टेकून फ्रीज. लोखंडातून हा आवाज जात नाही. डबी जाळीपासून दूर, खिडकीच्या रेषेत टांगली, तेव्हा पाटीवर २४ अंश उमटले. बी. ए.च्या परीक्षेत पहिला वर्ग मिळाला त्या दिवसानंतर इतका आनंद आम्हांस क्वचितच झाला असेल.

तो एप्रिलपर्यंत टिकला. एके दिवशी सकाळी नऊ वाजता पाटीने ४६ अंश दाखविले. आम्ही घाबरून कॉलेजास जाण्याचा बेत रहित करणार, तोच आमच्या सौ. बाहेर डोकावून म्हणाल्या, "अहो, डबीला ऊन लागते आहे." उन्हात ठेविलेला उष्णतामापक हवेचे नव्हे, स्वतःचेच उष्णतामान सांगतो. म्हणून वेधशाळांतून तो चार पायांवरच्या, झडपांच्या, पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवितात. ती पेटी योजिली थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या दीपगृहे बांधणाऱ्या स्कॉच इंजिनिअराने. त्याचाच मुलगा 'ट्रेझर आयलंड'चा कर्ता. मुलाविषयी आम्ही वर्गात तासन्‌तास बोललो आहो. बापाने काय केले हे आमच्या गॅलरीतील डबीने आम्हांस विचारावयास लाविले. डबी उत्तरेच्या सावलीत गेली व ऋतू पूर्ववत झाला.

भाकिताचे दुखणे याहून खोल होते. पाटीवर पहिल्या दिवसापासून वादळाचे चित्र होते. वायुभार ९४८ मिलिबार! युरोपात एवढा भार उतरला तर नावाडी किनारा गाठतात. पण पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. येथे डोक्यावर हवाच तेवढी कमी, म्हणून भारही कमी. कारखान्यातून निघालेली पाटी स्वतःस समुद्रकाठी समजत होती. उंचीचा आकडा भरताच वादळ शमले. ज्या गावाने हवामानखात्याचे मुख्य कार्यालय १९२८ पासून १९४४ पर्यंत सांभाळले, आणि ते सिमल्याहून आले म्हणून त्या चौकास अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणण्याचे सोडले नाही, त्या गावच्या रहिवाशास हे कळावयास पंधरा दिवस लागावेत, ह्याची आम्हांस थोडी लाज वाटली.

वादळ गेले तरी ढग राहिले. सकाळी लख्ख सूर्य दाखविणारी पाटी रोज दुपारी पावसाची वर्दी देई, आणि आकाश निरभ्र असे. शेवटी फेब्रुवारीत आम्ही एक वही घातली व महिनाभर वायुभार टिपला. तेव्हा दिसले, की भार सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत अधिक असतो, दुपारी चारच्या सुमारास तीन-चार मिलिबारांनी उतरतो, रात्री दहास पुन्हा चढतो व पहाटे चारास पुन्हा उतरतो. समुद्रासारखी हवेलाही भरती-ओहोटी आहे. मात्र ती मुख्यतः सूर्याच्या तापाने येते. उष्ण कटिबंधात ती ठळक असते. उत्तर युरोपात मंद असते आणि येत्याजात्या वादळांत बुडून जाते. भार उतरला की पाऊस, एवढेच ज्या यंत्रास शिकविले आहे, त्याने आमची प्रत्येक दुपार ढगाळ ठरवावी यात नवल नाही. हंबोल्टने दक्षिण अमेरिकेत ही भरती-ओहोटी पाहिली, तेव्हा ती इतकी नियमित वाटली, की दिवसा नुसत्या वायुभारावरून पाव तासाच्या फरकाने वेळ सांगता येईल असे त्याने नमूद केले. म्हणजे आमच्या यंत्राचा जो भाग हवा सांगण्यासाठी होता, तो हवा सोडून वेळ सांगत होता!

जो भाग वेळ सांगण्यासाठी होता, तो मात्र काहीच सांगत नव्हता. घड्याळाची ही गोष्ट खरे तर पहिल्या दिवसापासूनची. आम्ही ती मुद्दाम मागे ठेविली, कारण तिच्यात आमची अप्रतिष्ठा आहे.

चिरंजीवांचा फोन दर रविवारी रात्री नऊला येई. पहिल्याच रविवारी त्यांनी विचारले, "बाबा, घड्याळ लागले ना?" आम्ही म्हणालो, "लागले." मुलाने हौसेने आणलेली वस्तू बापास लावता आली नाही, हे सांगण्यास जीभ वळली नाही. एकदा असे सांगितले, की पुढच्या रविवारी तेच सांगावे लागते. मग ते फोनच्या नेहमीच्या मजकुरातच जमा होते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी नऊ वाजून गेले, तरी फोन आला नाही. साडेनऊला सौ.नी पाने वाढण्याचे थांबविले. आम्ही वर्तमानपत्राचे तेच पान पुन्हा वाचू लागलो. लंबकाच्या घड्याळाचा आवाज इतका मोठा आहे हे त्या दिवशी प्रथम कळले. दहाला फोन वाजला. "इतका उशीर का रे केलास?" सौ.नी विचारले. "उशीर कुठे, आई? नेहमीप्रमाणे साडेपाचलाच केला. आज इकडे घड्याळे तासभर मागे घेतली ना!" आणि हसून म्हणाला, "तुमच्या घड्याळानेही घेतली असतील की!" सौ.नी पाटीकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले, आणि फोन आमच्या हाती दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाटी घेऊन बुधवारातील तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने ती उलटसुलट केली आणि म्हणाला, "साहेब, यंत्र चांगले आहे. पण ह्याला स्टेशनच लागत नाही, तर मी काय दुरुस्त करू?"

स्टेशन फ्रांकफुर्टच्या आग्नेयेस सुमारे २५ किलोमीटरांवर माइनफ्लिंगेन येथे आहे. सीझियम अणूच्या स्पंदनांवर चालणाऱ्या घड्याळांची वेळ तेथून लांब लहरींवरून सांगितली जाते. दर सेकंदास ती लहर क्षीण होते. एक दशांश सेकंद क्षीण झाली तर एक खूण, दोन दशांश झाली तर दुसरी. अशा खुणांनी मिनिटभरात पुढच्या मिनिटाची वेळ व तारीख कळविली जाते. एकोणसाठाव्या सेकंदास मात्र खूण नसते. त्या मौनावरूनच ऐकणारी घड्याळे ओळखतात, की आता नवे मिनिट सुरू होणार. हा आवाज सुमारे २००० किलोमीटरपर्यंत पोहोचतो. पुणे साडेसहा हजार किलोमीटरांहूनही दूर. शिवाय तो पोहोचला असता तरी आमच्या पाटीस प्रदेशाप्रमाणे पूर्ण तासांचाच फरक करता येतो. आमच्या देशाच्या साडेपाच तासांतील अर्ध्या तासाची तिच्यात सोयच नाही. १९०६ साली ही नवी वेळ लागू झाली, तेव्हा एकोणचाळीस मिनिटांसाठी मुंबईकर सरकारशी किती भांडले, हे त्या कारखानदारांस कोण सांगणार?

एवढे समजल्यावर त्या यंत्राकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली. लांब लहरी रात्री अधिक दूर जातात, म्हणून अशी घड्याळे रात्रीच कान देतात. उत्तरपत्रिका तपासताना एकदा दोन वाजले. पाटीवर मनोरा लुकलुकू लागला. पाच-सात मिनिटे तो लुकलुकत राहिला आणि विझला. दीड महिना रोज रात्री ते यंत्र असे कान लावून बसत असले पाहिजे. त्याचे काहीच बिघडले नव्हते.

सौ. पाण्यासाठी उठल्या होत्या. आम्ही त्यांस सर्व हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "तिथला आवाज इथे येत नाही ना? मग हाताने लावा. आणि त्याला सांगून टाका."

'आपोआप' ह्या शब्दाचा अर्थ आम्हांस त्या रात्री नीट कळला. आपोआप काहीही लागत नाही. दूर कोठे तरी कोणी अहोरात्र लावीत असतो, आणि त्याचा आवाज येत असतो तोवर आपल्याला हात लावावा लागत नाही, इतकेच. मुलाच्या बाबतीतही आम्ही असेच समजत होतो. रविवारी नऊला फोन येतो, 'बरे आहे' म्हणतो, 'बरे आहे' म्हणवून घेतो. आम्ही स्वतः होऊन त्यास कधी फोन केल्याचे आठवेना.

दुसऱ्या दिवशी मंगळवार असूनही आम्ही फोन केला. तो घाबरून म्हणाला, "बाबा, काय झाले?" आम्ही म्हणालो, "काही नाही. घड्याळ लागलेच नव्हते. खोटे सांगितले." पलीकडे काही क्षण शांतता होती. मग तो म्हणाला, "मीही एक सांगितले नाही. गेल्या हिवाळ्यात दोन आठवडे तापाने पडून होतो. आई काळजी करील म्हणून बोललो नाही." त्या दोन आठवड्यांतील रविवारीही नऊलाच, नव्हे दहालाच, फोन आला होता, आणि आम्ही 'बरे आहे' ऐकून पानावर बसलो होतो.

आता त्या पाटीचा कान आम्ही पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे कळ दाबून बंद केला आहे. तिची वेळ हाताने लाविली आहे, पण ती आमची नव्हे, मुलाची. आमच्या वेळेस लंबकाचे घड्याळ आणि सात मिनिटे पुरेशी आहेत. मार्चच्या व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सौ. स्वतः पाटी खाली घेऊन एक तास पुढे-मागे करतात. ते काम त्या आमच्यावर सोपवीत नाहीत. रविवारी फोन कोणी करावयाचा, ह्याचा नियम आता राहिलेला नाही. भाकिताच्या चित्रात मात्र आम्ही काही सुधारणा केली नाही. दुपारी चारच्या सुमारास निरभ्र आकाशाखाली पाटीवर ढग येतात, आणि ते पाहून आमच्या सौ. चहाचे आधण ठेवितात.